मनोरुग्णाचा ‘अकारण’ राग

बंगळूरच्या दक्षिण भागात जे. पी. नगर नावाची मोठी वसाहत आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव तिला दिलेले आहे. नोकरीधंद्याच्या निमित्ताने देशाच्या चारी बाजूंनी आलेली माणसे तेथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. सोलापूरकडचा तेवीस वर्षांचा एक तरुण थोरल्या भावाकडे राहून नोकरी करीत आहे. चार रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. शेजारी भिंतीला कान लावून आपले बोलणे ऐकतात, आपल्याच फोनमधून आपल्यावर पाळत ठेवतात, अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. भाऊ आणि वहिनी भेदरून गेली आहेत. ‘झोपेच्या गोळ्या घेऊन येऊ, तासाभराचे तर काम आहे,’ असे सांगून भाऊ त्याला रिक्षात बसवतो आणि शहरातील एका मनोरुग्णालयात घेऊन येतो.

तेथे त्याचा पट्टा, पाकीट आणि फोन काढून घेतला जातो. अंगावरचे कपडे बदलून रुग्णालयाचे कपडे दिले जातात. ‘तुम्ही भेटून गेलात तर तो गोंधळ घालील,’ असे कोणीतरी भावाला सुचवतो, आणि भाऊ कागदावर सही करून दुसऱ्या दाराने निघून जातो. संध्याकाळ होते. तीस खाटांच्या त्या वॉर्डात त्याची भाषा कोणाला येत नाही. जेवणे उरकतात, आठ वाजता पाळी बदलते. ‘दादाला एक फोन लावू द्या,’ अशी विनवणी तो तीनदा करतो. वॉर्डातील सेवक एकटा आहे, त्याला तीस माणसांच्या औषधांची आणि अंथरुणांची व्यवस्था लावायची आहे. तो प्रत्येक वेळी म्हणतो, ‘नाळे, नाळे.’ कानडीत ‘नाळे’ म्हणजे उद्या. परंतु तरुणाला ते ठाऊक नाही. चौथ्या वेळी सेवक त्याचा दंड धरून त्याला खाटेकडे वळवतो. तरुण वळून ठोसा मारतो. सेवकाचा ओठ फाटतो. चार माणसे धावतात, तरुणाला खाली पाडतात, इंजेक्शन देतात आणि खाटेला बांधतात. मग वहीत नोंद होते : ‘रात्री ८.४०. रुग्ण अकारण आक्रमक झाला. इंजेक्शन दिले. बांधून ठेवले.’

हे चित्र काल्पनिक आहे. परंतु मनोरुग्णालयाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना त्यातील एकही तपशील अनोळखी वाटणार नाही. वहीतील त्या नोंदीत वेळ खरी आहे, इंजेक्शन खरे आहे, बांधणेही खरे आहे. खोटा आहे तो एकच शब्द, ‘अकारण’.

मुंबईकडे कोणी थोडा विचित्र वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणतात. पुण्यात ‘येरवड्याला’ म्हणतात. बंगळूरच्या माणसाच्या तोंडी त्या जागी ‘निम्हान्स’ येते. ही थट्टा जुनी आहे आणि तिच्या मुळाशी भीती आहे. वेडा म्हणजे केव्हा अंगावर धावून येईल त्याचा नेम नाही, अशी ती भीती. वस्तुस्थिती काय आहे? अनेक देशांत झालेल्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र आजाराच्या वॉर्डांत दाखल झालेल्या सुमारे २४ हजार रुग्णांचा हिशेब होता. रुग्णालयात असताना एकदा तरी हिंसा केली, अशांचे प्रमाण त्यात शेकडा १७ भरले. म्हणजे आजार अगदी ऐन भरात असताना, कित्येकदा इच्छेविरुद्ध दाखल केलेल्या माणसांतही, सहांपैकी पाच जण कोणावर हात उगारीत नाहीत. बाकीच्यांतही वारंवार मारामारी करणारे थोडेच असतात. हा आकडा लहान आहे असे मात्र समजू नये. ज्या परिचारिकेला किंवा सेवकाला रोज त्या वॉर्डात उभे राहावयाचे आहे, तिच्या वा त्याच्या दृष्टीने सहांपैकी एक हा फार मोठा आकडा आहे. मार खाणाऱ्यांत इतर रुग्णही असतात आणि त्यांची तक्रार बहुधा कोठेच लिहिली जात नाही.

आता कारणांकडे वळू. त्यांतली काही खरोखरच आजाराच्या पोटात असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला कानात आवाज ऐकू येतात आणि ते आवाज ‘हा माणूस तुला विष घालणार आहे’ असे बजावतात, त्याने औषधाचा पेला भिरकावून दिला तर ती त्याच्या परीने आत्मरक्षाच असते. उन्मादाच्या भरात असलेल्या माणसाला अडवणे म्हणजे धावत्या बैलगाडीपुढे हात आडवा करण्यासारखे आहे. दारूचे जुने व्यसन असलेला माणूस दाखल झाला की त्याची दारू एकदम तुटते. दोन-तीन दिवसांनी त्याला दरदरून घाम सुटतो, हात कापतात, भिंतीवर किडे वळवळताना दिसतात आणि तो अंथरुणातून उठून पळू लागतो. फेफऱ्याचा झटका नुकताच ओसरलेला माणूस काही वेळ भानावर नसतो. त्या अवस्थेत कोणी त्याला घट्ट धरून ठेवले तर तो अंधपणे हातपाय झाडतो, आणि पुढे त्याला त्यातले काही आठवतही नाही. मेंदूला मार, रक्तातील साखर उतरणे, अंगात मुरलेला ताप यांनीही माणूस असाच बेभान होतो. म्हणून एखादा रुग्ण अचानक बिथरला तर त्याला वेडाच्या खात्यात टाकण्याआधी त्याची नाडी, ताप आणि साखर पाहावी, असे जाणते डॉक्टर सांगतात.

एक कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ते उपचारातूनच निर्माण होते. मनाच्या आजारावरील काही औषधांनी, विशेषतः जुन्या औषधांनी, माणसाला एक चमत्कारिक अस्वस्थता जडते. तिला अकॅथिसिया म्हणतात. त्या माणसाला बसवत नाही, निजवत नाही. पाय आपोआप चालू लागतात, आतून कोणी ढवळून काढीत आहे असे वाटते. वॉर्डात सारखा येरझारा घालणारा, ‘बस’ म्हटले तर चिडणारा हा रुग्ण पाहून त्याचा आजार वाढला असा समज होतो आणि त्याच औषधाची मात्रा वाढवली जाते. मग अस्वस्थता वाढते, त्यापाठोपाठ चिडचिड वाढते, आणि शेवटी एका रात्री तो कोणावर तरी धावून जातो. खरे पाहता त्याची मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हाच उपाय होता. ‘तुझे पाय शांत राहतात का?’ एवढा प्रश्न रोज विचारला असता तर ती रात्र टळली असती.

परंतु ही सगळी कारणे एकत्र केली तरी वॉर्डातील घटनांचा पुरता उलगडा होत नाही. मारामारी सुरू होण्याच्या क्षणाआधी काय घडले होते याचा शोध अनेक अभ्यासकांनी घेतला आहे. अशा अभ्यासांच्या २०१२ मधील एका आढाव्यात असे दिसले, की सर्वांत अधिक वेळा, म्हणजे शेकडा ३९ प्रसंगी, रुग्ण आणि कर्मचारी यांच्यातील काहीतरी देवघेव घटनेच्या आधी झालेली होती. त्यातही रुग्णाला अडवणे, नकार देणे, त्याच्या मोकळेपणावर मर्यादा घालणे ही कारणे प्रमुख होती. बाहेर जाऊ द्या, नाही. फोन करू द्या, नंतर. हे औषध नको, घ्यावेच लागेल. घरी कधी सोडणार, डॉक्टर सांगतील. डॉक्टर केव्हा येणार, माहीत नाही. यातला प्रत्येक नकार स्वतंत्रपणे कदाचित योग्यच असेल. पण दिवसभरात अशा वीस नकारांचा जो ढीग होतो, त्याच्या तळाशी दबलेला माणूस शहाणा असता तरी संतापला असता. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरून चौथ्या खिडकीवर ‘उद्या या’ ऐकणारा माणूस मोठ्याने बोलू लागतो, तेव्हा त्याला कोणी वेडा म्हणत नाही. त्याला घरी जाण्याची सोय असते, एवढाच फरक.

त्यात वॉर्डाची घडणही भर घालते. माणसे अधिक आणि जागा कमी असली की धक्का लागतो आणि धक्क्यावरून भांडण होते. भल्या पहाटे गार पाण्याच्या आंघोळीसाठी लावलेली रांग, मोजून मिळणारा चहा, अचानक बंद झालेली बिडी, अष्टौप्रहर चालू असलेला दूरचित्रवाणीचा आवाज, न विझणारा दिवा, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरच बहुतेक ठिणग्या पडतात. जेवणाची वेळ, औषधाची वेळ आणि पाळी बदलण्याची वेळ या विशेष नाजूक असतात, कारण त्या वेळी कर्मचारी कामात गुंतलेले असतात आणि रुग्ण एका जागी गोळा झालेले असतात. बंगळूरसारख्या शहरात भाषेचा प्रश्न त्यात मिसळतो. कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणारे रुग्ण एका छपराखाली असतात. ज्याच्या मनात आधीच संशयाने घर केले आहे, त्याच्यासमोर दोन माणसे त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलून हसली, तर ती आपल्यालाच हसली याविषयी त्याला शंका उरत नाही. घरातून फसवून आणल्याचा सल याहून खोल असतो. आपल्याकडे मनोरुग्णाला फसवून दवाखान्यात आणणे ही इतकी रूढ गोष्ट आहे, की तिच्यात काही वावगे आहे असे नातेवाइकांना वाटतच नाही. पण ज्याला सगळे जग आपल्याविरुद्ध कट करीत आहे असे वाटते, त्याच्या सख्ख्या भावाने खोटे बोलून त्याला कुलपाआड टाकले, तर त्याच्या भ्रमाला पुरावाच मिळाला म्हणावयाचा.

या रागावर जुन्या काळी एकच उपाय होता, साखळी. तो कसा सुटला याची गोष्ट सांगताना पॅरिसच्या फिलिप पिनेल या डॉक्टराचे नाव घेतले जाते. पण बिसेत्र येथील रुग्णालयात १७९७ साली बेड्या काढवल्या त्या प्रत्यक्षात झाँ-बाप्तिस्त प्युसाँ नावाच्या देखरेख्याने. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. तो चामड्याचा कारागीर होता आणि एका दुखण्यासाठी त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेला होता. बऱ्या झालेल्या रुग्णांतून सेवक नेमण्याची चाल त्याने ठेवली होती, कारण कुलपाच्या आतल्या बाजूने वॉर्ड कसा दिसतो हे त्यांना माहीत असते. पुढे १८३९ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल येथे जॉन कॉनोली याने शेकडो रुग्णांच्या रुग्णालयात पट्टे, बेड्या, बंधनाच्या खुर्च्या यांचा वापर बंद केला. सगळे कोसळेल असे भाकीत करणारे पुष्कळ होते. तसे काही झाले नाही.

बंगळूरचा स्वतःचा इतिहासही या प्रवासाशी जोडलेला आहे. जे. पी. नगरच्या पूर्वेकडून जाणारा बन्नेरघट्टा रस्ता उत्तरेस जेथे संपतो, त्याच्याजवळच होसूर रस्त्यावर निम्हान्स, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था, आहे. म्हैसूर संस्थानच्या काळातील येथील वेड्यांच्या इस्पितळाचे नाव १९२५ मध्ये बदलून मानसिक रुग्णालय असे झाले. नाव बदलण्याला त्या काळी अर्थ होता. इस्पितळात ठेवावयाचे की बरे करावयाचे, हा प्रश्न त्यात होता. १९५४ मध्ये त्याच्या शेजारी अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उघडली आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व परिचारिका यांना या विषयाचे खास शिक्षण मिळू लागले. १९७४ मध्ये दोन्हींचे एकत्रीकरण होऊन निम्हान्स निर्माण झाली. मनोरुग्णाची शुश्रूषा हे शिकावयाचे काम आहे, ते केवळ ताकदवान माणसाचे काम नव्हे, हा विचार या देशात ज्या मोजक्या ठिकाणी रुजला त्यांपैकी हे एक ठिकाण होय.

त्याच सुमारास औषधांनी क्रांती केली. तिच्यात भारताचाही वाटा आहे. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. बिहारकडे तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या गुणांविषयी लिहिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा परिणाम जगापुढे मांडला. तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य पन्नाशीच्या दशकात अनेक देशांच्या मनोरुग्णालयांत वापरले जाऊ लागले. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग सिद्ध झाला आणि त्याने रेसर्पिनला मागे टाकले. ज्या वॉर्डांतून रात्रंदिवस किंकाळ्या येत, ते काही महिन्यांत शांत झाले, अशी वर्णने त्या काळच्या डॉक्टरांनी लिहून ठेवली आहेत. बेभान झालेल्या रुग्णाला कोणते इंजेक्शन द्यावे, याविषयीचे जगातील काही उत्तम प्रयोगही आपल्याच देशात, वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. तेथील २०० रुग्णांवरील अभ्यास २००४ मध्ये आणि ३०० रुग्णांवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथॅझिन या दोन जुन्या, स्वस्त औषधांची जोडी महागड्या नव्या औषधापुढे कमी पडत नाही, असे त्यांतून दिसले. गरीब देशातील लहान रुग्णालयाला हा निष्कर्ष मोलाचा आहे.

तथापि औषध मेंदूतील वादळ शमवते. ‘नाळे’ या शब्दाचे भाषांतर ते करू शकत नाही. प्रतिबंधाचा विचार येथून सुरू होतो.

या बाबतीत आपल्याकडची सर्वांत धाडसी कल्पना अमृतसरला निघाली. तेथील मानसिक रुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहावयास बोलावले. रुग्णालयात गर्दी फार आणि कर्मचारी थोडे, ही अडचण होतीच. पण तिच्यातून निघाले ते अडचणीपेक्षा मोठे होते. आई स्वतःच्या हाताने भरवते तेव्हा जेवणात विष असल्याचा संशय ओसरतो. भाऊ रात्री उशाशी बसलेला असतो तेव्हा पळून जाण्याची ओढ कमी होते. आजार म्हणजे काय, हे घरच्या माणसालाही तेथेच शिकता येते. पुढे वेलोर व बंगळूर येथेही कुटुंबाला बरोबर ठेवण्याची पद्धत रुजली, आणि आजही निम्हान्समधील कितीतरी रुग्णांच्या सोबत घरचे माणूस राहते. पाश्चात्त्य देशांतील डॉक्टरांना या गोष्टीचे नवल वाटते. आपल्याला वाटत नाही, कारण साध्या इस्पितळातही रुग्णाबरोबर कोणी ना कोणी डबा घेऊन बसतोच. जे. पी. नगरच्या त्या भावाला दुसऱ्या दाराने घालवून देण्याऐवजी त्या रात्री वॉर्डात थांबवून घेतले असते, तर ८.४० ची ती नोंद कदाचित झालीच नसती. अर्थात प्रत्येकाला असा भाऊ नसतो. कित्येक रुग्णांना घरचेच नकोसे झालेले असतात, काहींचा राग घरच्यांवरच असतो. त्यांच्यासाठी रुग्णालयालाच घर व्हावे लागते, आणि खरी कसोटी तेथे लागते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातील लेन बॉवर्स यांनी या कसोटीवर बराच विचार केला. ‘सेफवॉर्ड्‌स’ या नावाने त्यांनी दहा अगदी साध्या गोष्टी सुचवल्या आणि इंग्लंडमधील ३१ वॉर्डांत त्यांची परीक्षा घेतली. तिचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वॉर्डांनी या गोष्टी अमलात आणल्या तेथे भांडणतंट्याचे प्रसंग शेकडा १५ नी, आणि धरणे, कोंडणे, जबरदस्तीने औषध देणे असे उपाय शेकडा २६ नी कमी झाले. त्या दहा गोष्टींसाठी यंत्र लागत नाही. घरून वाईट बातमी आली किंवा रजा नामंजूर झाली, तर ती रुग्णाला कोणी, केव्हा आणि कशी सांगावयाची हे आधी ठरवावे. नकार देताना त्याचे कारण सांगावे. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाविषयी निदान एक चांगली गोष्ट पुढच्या पाळीला कळवावी. ‘तो खाट नंबर १२ फार त्रास देतो’ एवढाच निरोप देऊ नये. कर्मचारी आणि रुग्ण यांना एकमेकांची थोडी ओळख असावी, कोणाला क्रिकेट आवडते, कोणाला भजन. मारामारी झाली तर पाहणाऱ्या बाकीच्या रुग्णांनाही धीर द्यावा, कारण तेही घाबरलेले असतात. आणि बरे होऊन घरी जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी चार ओळींचा निरोप लिहून भिंतीवर लावावा. ही शेवटची कल्पना तर अगदी भाबडी वाटते. पण ‘घरी कधी सोडणार’ या प्रश्नाला रुग्णालयाकडे दुसरे खात्रीचे उत्तर तरी कोणते असते?

वादळ येण्यापूर्वी आभाळ दिसते, हेही खरे आहे. नॉर्वेमधील ब्रोसेट येथे तयार झालेली एक छोटी यादी परिचारिकांना प्रत्येक पाळीला भरता येते. गोंधळलेपणा, चिडखोरपणा, आरडाओरडा, शब्दांनी धमकावणे, हातवाऱ्यांनी धमकावणे, वस्तूंची आदळआपट, अशी सहा चिन्हे तिच्यात आहेत. त्यांतली दोन-तीन एकदम दिसू लागली तर पुढच्या २४ तासांत काळजी घ्यावी. काळजी म्हणजे माणसे गोळा करणे नव्हे. त्याने उलट होते. बोलणारा एकच असावा, बाकीच्यांनी मागे उभे राहावे. दोन हात अंतर ठेवावे, अंगाला हात लावू नये, दार अडवून उभे राहू नये. आवाज खाली ठेवावा. वाद घालू नये, पण खोटे कबूलही करू नये. ‘शेजारी तुझे बोलणे ऐकत नाहीत’ हे पटवण्याचा खटाटोप व्यर्थ असतो, ‘तुला भीती वाटते आहे, हे दिसते, काय केले तर बरे वाटेल?’ हे बोलणे उपयोगी पडते. शक्य तर दोन पर्याय पुढे ठेवावेत. गोळी आत्ता घेतोस की जेवल्यावर? खोलीत बसतोस की अंगणात? निवड लहान असली तरी ती करणारा माणूस पुन्हा माणूस होतो.

कायद्यानेही आता बराच पल्ला गाठला आहे. १९१२ च्या जुन्या कायद्याला वेड्यापासून समाजाचे रक्षण करावयाचे होते. १९८७ च्या कायद्याने पाऊल पुढे टाकले. त्यानंतर ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाच्या झोपडीला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. त्या साखळ्यांनी देश हादरला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीला संपूर्ण बंदी केली आणि एकांतकोठडीलाही मनाई केली. रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला, सक्तीने डोके भादरणे बंद केले. बरे असताना, पुढे आजार उलटला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे लिहून ठेवण्याची सोय केली. रुग्णाला बांधावयाचे तर तत्काळ होणारी इजा टाळण्यास दुसरा मार्ग उरलेला नसेल तेव्हाच, मानसरोगतज्ज्ञाच्या संमतीने, अगदी आवश्यक तेवढाच वेळ. त्याचे कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद झाली पाहिजे, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवले पाहिजे. शिक्षा म्हणून बांधता येणार नाही. कर्मचारी अपुरे आहेत एवढ्याच कारणावरूनही बांधता येणार नाही.

हे शेवटचे वाक्य ज्याने लिहिले त्याला वॉर्ड माहीत होता. रात्रपाळीला तीस रुग्णांमागे एक सेवक असला की बांधण्याचे खरे कारण बहुधा तेच असते, वहीत काहीही लिहिलेले असो. परंतु कायदा ‘बांधू नका’ म्हणतो तेव्हा दुसरा सेवक आपोआप हजर होत नाही. त्यासाठी पद मंजूर व्हावे लागते, भरावे लागते, आणि भरलेल्या माणसाला शिकवावे लागते. पुष्कळ ठिकाणी हा सेवक कंत्राटावर आलेला असतो. आदल्या महिन्यात तो एखाद्या दुकानापुढे पहारा करीत असतो. मनोरुग्णाशी कसे बोलावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि मार बसला तर औषधपाण्याचा खर्च कोण देणार हेही त्याला माहीत नसते. तो घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस लवकर हात धरतो, आणि ज्याचा हात धरला तोही घाबरलेलाच असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या चर्चा होतात, तेव्हा इमारती आणि खाटा यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. सेवकाच्या शिक्षणाविषयी फार थोडे बोलले जाते. खरे तर मनोरुग्ण दिवसाकाठी डॉक्टरच्या सहवासात काही मिनिटे असतो आणि सेवकाच्या सहवासात उरलेला सगळा वेळ.

घटना घडून गेल्यावर काय करावे, याचाही विचार हवा. फाटलेल्या ओठाला टाका घालावा, सेवकाला त्या रात्री घरी जाऊ द्यावे, त्याला दोष देऊ नये. दुसऱ्या दिवशी रुग्ण शुद्धीवर असताना दोघांना, शक्य तर समोरासमोर, विचारावे की नेमके काय झाले. हे काम अधीक्षकाने चौकशी म्हणून करू नये. चौकशी म्हटली की प्रत्येकजण आपला बचाव करतो. जे ऐकावयास मिळेल ते वहीत उतरवावे.

जे. पी. नगरच्या त्या तरुणाला असे कोणी विचारले असते, मराठी जाणणारा एखादा शिकाऊ डॉक्टर किंवा शेजारच्या वॉर्डातील परिचारिका मध्ये बसवून, तर त्याने इतकेच सांगितले असते : ‘दादा तासाभरात येतो म्हणाला होता. तो का आला नाही ते मी विचारीत होतो. ते एकच शब्द बोलत होते, मला वाटले तो दादाचे नाव चुकीचे घेत आहे.’ आणि सेवकाने सांगितले असते, की आपण ‘उद्या’ म्हणत होतो, कारण फोनचे कपाट दिवसपाळीच्या किल्लीने उघडते आणि ती किल्ली आठ वाजता घरी जाते. मग वहीत त्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिता आली असती : फोनच्या कपाटाची दुसरी किल्ली रात्रपाळीस द्यावी.